अल्फा 0.91 आलाय, पण तुमच्या शब्दयादीचं खरं काम अजून बाकी आहे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते पक्कं होईल. एमएच्या डिझर्टेशनसाठी तुम्ही मराठीत 15 शब्दांची यादी केली, रे ऑडिटरी व्हर्बल लर्निंग टेस्ट या शब्द ऐकून आठवायच्या टेस्टच्या धर्तीवर ती पाच वेळा वाचून पाचही वेळा आठवायला लावली, अर्ध्या तासानं परत विचारलं (हा डिलेड रिकॉल), 60 कॉलेजच्या मुलामुलींवर हे केलं. पाच ट्रायल्सचे, म्हणजे पाच फेऱ्यांचे, स्कोअर एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे टेस्टचे भाग एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, 0.91 आला, आणि व्हॅलिडिटीसाठी डिलेड रिकॉलचं डिजिट स्पॅनशी, म्हणजे ऐकलेले आकडे लगेच परत सांगायच्या टेस्टशी, कोरिलेशन काढलं तर जेमतेम 0.22. गाइड म्हणतात रिलायबिलिटी (मोजमापाचा भरवसा) मस्त आहे पण व्हॅलिडिटी (जे मोजायचं तेच मोजतोय का) गेली, यादी बदला. सबमिशनला तीन महिने आहेत आणि आता काय करू असं विचारताय.

यादी एवढ्यात टाकून देऊ नका. माझं मत तुमच्या गाइडच्या जवळपास उलटं आहे, म्हणजे तो 0.91 मला फार काही सांगत नाही आणि तो 0.22 बघून मला अजिबात काळजी वाटली नाही. मी 22 वर्षं मेमरी क्लिनिकमध्ये पेशंटसमोर बसून या टेस्ट घेते आणि दरवर्षी चारपाच मुलांची डिझर्टेशन्सही बघते, आणि हीच अडचण जवळजवळ प्रत्येक बॅचला कुणाला तरी येते, कारण रिलायबिलिटी-व्हॅलिडिटीचा धडा आपल्याकडे प्रश्नावलीच्या उदाहरणावर शिकवतात आणि मेमरी टास्क ही प्रश्नावली नसते.

अल्फापासून सुरू करू. क्रॉनबॅकचा 1951 चा तो पेपर गृहीत धरतो की प्रत्येक आयटम, म्हणजे टेस्टमधला एकेक प्रश्न, हा त्याच गुणाचा एक वेगळा नमुना आहे आणि एका आयटममधल्या चुकीचा दुसऱ्या आयटममधल्या चुकीशी संबंध नाही. आता तुमच्या पाच ट्रायल्स बघा, तेच 15 शब्द, तीच मुलगी, तीच खोली, सगळं पंधरा मिनिटांत. तिनं पहिल्याच वेळी शब्दांची एक गोष्ट गुंफली तर ती गोष्ट पाचही ट्रायल्सना पुरते, दुसऱ्या ट्रायलला बाहेर कुणी जोरात हॉर्न वाजवला आणि दोन शब्द निसटले तर त्याचा परिणाम तिसऱ्यातही दिसतो. चुका इथे एकमेकींचा हात धरून चालतात. त्यामुळे कुठलीही यादी पाचदा घेतली की अल्फा वर जाणारच, अगदी वाईट यादीचाही जाईल. तुमच्या 0.91 चा अर्थ एवढाच की ज्याला तिसऱ्या वेळी जास्त आठवलं त्याला चौथ्या वेळीही जास्त आठवलं.

मग ट्रायल्सऐवजी 15 शब्द आयटम म्हणून टाकू का, हा पुढचा प्रश्न मुलं विचारतातच. तेही जपून. यादीतले शब्द एकमेकांशी भांडतात. जो मुलगा पहिले चार शब्द मनात घोळवत बसतो त्याचे मधले जातात, जो शेवटचे ऐकल्या ऐकल्या आधी सांगून टाकतो त्याचे सुरुवातीचे कधीकधी जातात, म्हणजे एक शब्द आठवल्याची किंमत दुसरा शब्द देतो आणि दोघांचं कोरिलेशन निगेटिव्हसुद्धा येऊ शकतं. तिथे अल्फा 0.4 आला म्हणून टेस्ट खराब ठरत नाही. सम-विषम शब्दांची स्प्लिट-हाफ काढली, म्हणजे यादीचे दोन भाग करून ते जुळवून बघितले, तरी हेच दुखणं. यादीला अल्फाचा साचाच नीट बसत नाही, आणि गाइडना हे एका परिच्छेदात लिहून दाखवलंत तर ते मान्य करतील असं मला वाटतं.

मग दोन आठवड्यांनी तीच यादी परत घ्यावी? इथे खरी अडचण आहे आणि ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. वजनकाट्यावर तुम्ही दहा वेळा उभे राहिलात तरी त्यानं वजन बदलत नाही. शब्दयादीचं तसं नाही, ती एकदा ऐकली की ऐकणारा माणूस आधीसारखा राहत नाही, आपण मोजलं आणि मोजण्यानंच आठवण तयार झाली. एबिंगहाउसनं 1885 सालीच हे दाखवलं होतं, स्वतःवरच प्रयोग करून, की विसरल्यासारखी वाटणारी यादी परत पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे दोन आठवड्यांनी तुमची मुलं तीच यादी ऐकतील तेव्हा तुम्ही नवीन शिकणं मोजत नसाल, जुन्यातलं काय शिल्लक आहे ते मोजत असाल. वर हेही आहे की नुसतं आठवून सांगणं हीच एक उजळणी असते, रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा अभ्यास यावरच आहे, वाचून परत वाचणाऱ्यांपेक्षा वाचून आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. म्हणून पाच ट्रायल्स घेतल्यावरचा डिलेड रिकॉल आणि तीन ट्रायल्स घेतल्यावरचा डिलेड रिकॉल या दोन वेगळ्या टेस्ट आहेत, त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवू नका.

उपाय म्हणजे जोडयादी. दुसरी तशीच 15 शब्दांची यादी करा, अर्ध्या मुलांना आधी अ मग ब, अर्ध्यांना आधी ब मग अ, मध्ये दोनतीन आठवडे. यातून जो आकडा येईल तो 0.91 पेक्षा नक्की कमी येईल आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण त्यात दिवसाचा फरक, यादीचा फरक, त्या दिवशीची झोप, सगळं चुकांच्या खात्यात जमा झालेलं असतं आणि तोच आकडा प्रामाणिक असतो. फक्त पिअर्सन, म्हणजे नेहमीचं कोरिलेशन, काढून थांबू नका. समजा दुसऱ्या वेळी सगळ्यांचेच दोन दोन शब्द वाढले, तर पिअर्सन 1 येईल, एकदम परफेक्ट, आणि तरी टेस्ट दोन वेळा तोच आकडा देत नाहीये. आयसीसी, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन, काढा, टू-वे, अ‍ॅब्सोल्यूट अ‍ॅग्रीमेंटवाला, सिंगल मेझरचा, आणि रिपोर्टमध्ये नेमका कुठला काढला ते लिहा, कारण नुसतं आयसीसी 0.8 असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. शिवाय ब्लँड आणि ऑल्टमन यांचा तो साधा आलेख काढा, दोन वेळच्या स्कोअरची सरासरी आडव्या अक्षावर आणि फरक उभ्या अक्षावर. मी स्वतः आधी हा आलेख बघते मग आकडा.

आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्यात असावा तो पट्टा, द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. 60 जणांवर 0.70 आला तर त्याचा 95 टक्क्यांचा पट्टा साधारण 0.54 ते 0.81 असतो, म्हणजे मध्यमपासून चांगल्यापर्यंत काहीही.

तुमच्या सॅम्पलबद्दल एक बोलायचंय. कॉलेजची मुलं पाचव्या ट्रायलला 13, 14, 15 अशीच येतात, माझ्या अंदाजानं तुमच्या डेटातही निम्म्याहून जास्त मुलं तिथेच गर्दी करून असतील. सगळेच छताला टेकले की माणसामाणसांतला फरक उरत नाही आणि फरक नसेल तर रिलायबिलिटीला धरायला काही राहत नाही. हीच यादी आमच्या क्लिनिकमध्ये 55 ते 80 वयाच्या लोकांवर घेतली तर कुणी 5 वर कुणी 13 वर, आणि आकडा आपोआप वर जाईल, यादी तीच असून. म्हणून 'या टेस्टची रिलायबिलिटी इतकी आहे' असं वाक्य लिहू नका, 'या गटात या स्कोअरची' असं लिहा. छताचा त्रास असेल तर पहिल्या ट्रायलचा किंवा पाच ट्रायल्सच्या बेरजेचा स्कोअर मुख्य धरा, पाचव्या ट्रायलचा नको.

आता शब्दांकडे येते, कारण मराठीत टेस्ट करताना अर्ध्या चुका आकडेमोडीच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. रेच्या टेस्टच्या इंग्रजी यादीतला पहिला शब्द ड्रम. माझ्या एका विद्यार्थ्यानं तो मराठी यादीत तसाच ठेवला, आपल्याकडेही ड्रम म्हणतातच की म्हणून. पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीला, चाळीतल्या एक काकू होत्या, त्यांनी पहिल्या ट्रायलला सांगितलं पिंप. दुसऱ्या ट्रायलला पिंप, पाचव्यालाही पिंप. बरोबरच आहे त्यांचं, घरात ड्रम म्हणजे पाणी भरायचा निळा ड्रम, वाजवायचा नाहीच, आणि त्याला त्या जन्मभर पिंप म्हणत आलेल्या. विद्यार्थ्यानं पाचही वेळा शून्य दिलं, दुसऱ्या मुलीनं तेच रेकॉर्डिंग ऐकून पाचही वेळा एक दिला, एका माणसाच्या बेरजेत सरळ पाच मार्कांचा फरक आणि तो काकूंच्या स्मरणशक्तीचा नव्हे, आमच्या नियम न ठरवण्याचा.

दुसरं उदाहरण कोथिंबिरीचं. अकोल्याकडच्या एक ताई होत्या, यादीत कोथिंबीर होती, त्या दर वेळी न चुकता सांभार म्हणायच्या. पुण्याच्या मुलीला वाटलं सांबार, इडलीबरोबरचं, यादीत नसलेला शब्द घुसला म्हणून तिनं इंट्रूजन लिहिलं. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभारच म्हणतात. त्या ताईंच्या स्मृतीनं वस्तू धरून ठेवली होती आणि आवाज सोडला होता, आणि खरं सांगायचं तर रोजच्या आयुष्यात स्मृती तेच करते. पण स्कोअरिंग शीटवर एक बरोबर उत्तर खोट्या आठवणीच्या रकान्यात गेलं, आणि जास्त इंट्रूजन्स असणं हे क्लिनिकमध्ये आम्ही गंभीरपणे घेतो. म्हणून ज्या शब्दाला प्रांतागणिक दुसरं नाव आहे तो यादीत घेऊच नका, बटाटा-आलूचंही तेच. वीस वर्षांच्या मुलाला आणि सत्तर वर्षांच्या आजोबांना दोघांनाही रोजचा वाटेल असा शब्द हवा, कंदील आणि रॉकेल मुलांना परके, चार्जर आजोबांना. 25-30 लोकांकडून, वेगवेगळ्या भागांतल्या, प्रत्येक शब्द किती ओळखीचा आणि डोळ्यांसमोर किती पटकन येतो याचं 1 ते 7 रेटिंग घ्या आणि दोन्ही याद्यांची सरासरी जुळवा. हे दोन संध्याकाळचं काम आहे आणि तुमच्या डिझर्टेशनचा तो सगळ्यात उपयोगी भाग ठरू शकतो, मी परीक्षक असते तर तोच आधी उघडून बघितला असता.

यादी वाचणाराही टेस्टचा भाग असतो. सेकंदाला एक शब्द असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण मुलं वाचतात तेव्हा दहाव्या माणसापर्यंत एक चाल बसते, तीन शब्द, छोटा श्वास, तीन शब्द, छोटा श्वास, मोबाइल नंबर सांगताना येते ना तशी. ऐकणाऱ्याला मग आयते गट मिळतात आणि दहाव्या माणसाचा स्कोअर पहिल्यापेक्षा वाढतो. एकदा रेकॉर्ड करून सगळ्यांना तेच ऐकवा. ऐकू येतंय का तेही आधी बघा. आमच्याकडे एक आजोबा पहिल्या यादीला तीन शब्दांवर अडकले, मुलगा घाबरून माझ्याकडे बघायला लागला, आणि कानाचं मशीन आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. मशीन लावलं, पंखा बंद केला, दुसऱ्या यादीला सात.

आता तुमचा 0.22. डिजिट स्पॅनशी कमी जुळलं म्हणून व्हॅलिडिटी गेली असं म्हणायच्या आधी विचारा की जुळायला का हवं होतं. दोन्हीच्या नावात मेमरी आहे म्हणून? एच. एम. हा गाजलेला पेशंट आठवतो ना, हेन्री मोलेसन, 1953 मध्ये फिट्ससाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा, भाग काढला आणि 1957 मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी त्याच्यावर लिहिलं. त्याला ऐकलेले आकडे लगेच परत सांगता यायचे, जवळजवळ तुमच्याआमच्याइतके, पण लक्ष दुसरीकडे गेलं की मघाशी काय झालं ते पुसलेलं. आकडे दोन सेकंद डोक्यात धरून ठेवणं आणि शब्द अर्धा तास साठवून परत काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यामुळे तुमच्या डिलेड रिकॉलचा डिजिट स्पॅनशी 0.22 हा आकडा डिस्क्रिमिनंट व्हॅलिडिटीच्या, म्हणजे वेगळ्या गोष्टींशी कमी जुळण्याच्या, बाजूनं बोलतो. 60 जणांवर 0.22 चा पट्टा -0.04 ते 0.45 आहे, म्हणजे तो शून्यापासून वेगळा आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही, तेही लिहा.

पण एकट्या डिस्क्रिमिनंटवर भागत नाही, कारण कशाशीच न जुळणारी टेस्ट म्हणजे नुसता गोंगाटसुद्धा असू शकते. कॅम्पबेल आणि फिस्के यांचं 1959 पासूनचं म्हणणं हेच आहे की सारख्या गोष्टींशी जास्त आणि वेगळ्या गोष्टींशी कमी, दोन्ही एकत्र दाखवा. तुमच्या यादीसाठी सारखी गोष्ट म्हणजे गोष्ट ऐकून अर्ध्या तासानं सांगणं, किंवा शब्दजोड्या. चंदीगडच्या पीजीआय मेमरी स्केलमध्ये, जी पर्शाद आणि विग यांनी 1977 मध्ये दिली, जोड्यांचे दोन उपभाग आहेत, पण ती हिंदीत आहे आणि भाषांतर स्वतःच्या मनानं परवानगीशिवाय करू नका. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेची 2004 ची बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच, तीही लायब्ररीत मिळाली तर बघा, शब्दयादी भारतीय लोकांसाठी कशी जुळवून घेतली ते त्यात दिसतं. कोरिलेशन किती यावं हे डेटा गोळा करायच्या आधी लिहून ठेवा, नंतर जे आलं तेच अपेक्षित होतं असं लिहायचा मोह फार होतो.

जुळण्याला एक वरची मर्यादाही असते. तुमच्या टेस्टची रिलायबिलिटी 0.7 आणि दुसरीची 0.6 असेल, तर दोघींचं कोरिलेशन साधारण 0.65 च्या वर जाण्याची अपेक्षाच धरता येत नाही, दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. स्पिअरमननं हे 1904 मध्येच मांडलं. मुलं 0.45 आला म्हणून रडवेली होतात आणि त्या 0.65 च्या मानानं तो चांगला भक्कम असतो.

व्हॅलिडिटीचा एक पुरावा तुमच्याकडे आत्ता, नवीन माणूस न शोधता पडून आहे आणि तो कुणी बघत नाही. पहिल्या ट्रायलचा डेटा घ्या, 1 ते 15 प्रत्येक जागेवरचा शब्द किती जणांना आठवला त्याचा आलेख काढा. सुरुवात वर, मध्य खाली, शेवट परत वर, असा खाटेच्या झोळासारखा आकार यायला हवा, 1962 मध्ये मर्डॉकनं दाखवलेला. ग्लँझर आणि क्युनिट्झ यांनी 1966 मध्ये यादीनंतर 30 सेकंद आकडे मोजायला लावले तर शेवटची उंची गेली, सुरुवातीची टिकली. तर तुमच्या अर्ध्या तासाच्या रिकॉलमध्येही शेवटच्या शब्दांचा तो फायदा बराचसा मावळलेला दिसायला हवा. दिसला, तर तुमची टास्क मेमरी टास्कसारखी वागतेय याचा हा अस्सल पुरावा आहे, माझ्या मते कुठल्याही एका कोरिलेशनपेक्षा वजनदार. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आलेखात बरोबर मध्यावर, आठव्या जागी, एक सुळका आला होता. तिथे शब्द होता साप. सगळ्यांना आठवायचाच तो. शब्द बदलला, सुळका गेला.

डिजिट स्पॅन मराठीत घेताना एक लक्षात ठेवा. एलिस आणि हेनेली यांनी 1980 मध्ये वेल्श-इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांवर दाखवलं की वेल्शमधले आकडे उच्चारायला जास्त वेळ लागतो म्हणून त्याच माणसांचा स्पॅन वेल्शमध्ये कमी येतो. आपले आकडे बहुतेक एका झटक्यात संपतात, सहा, नऊ, शून्य सोडले तर, पण तुमची कॉलेजची मुलं मराठीत ऐकून मनात इंग्रजीत घोळवतात, ओठ बघितले की कळतं. आणि जुन्या पिढीत उलटी गंमत होते, एक निवृत्त कॅशिअर काका आकडे जोडीजोडीनं धरायचे, दोन-सात ऐकलं की सत्तावीस. उलट्या क्रमानं सांगा म्हटलं की ते फार हुशारीनं सांगायचे, कारण सत्तावीस म्हणताना सात आधीच तोंडात येतो, जोडी आपोआप उलटी झालेली असते. त्यांचा स्कोअर उत्तम होता पण मी जे मोजायला बसले होते ते मोजलं गेलं नव्हतं. म्हणून टेस्ट झाल्यावर विचारा, कसं लक्षात ठेवलंत? दोन ओळी लिहून घ्या.

विसरण्याचा स्कोअर, म्हणजे पाचवी ट्रायल वजा डिलेड रिकॉल, तुम्ही मुख्य मेझर म्हणून घ्यायचं म्हणताय. नका घेऊ. दोन्ही स्कोअरची रिलायबिलिटी 0.8 असेल आणि त्यांचं आपसात कोरिलेशन 0.7 असेल, तर वजाबाकीची रिलायबिलिटी 0.33 उरते. दोघांत जे सामाईक आणि भरवशाचं होतं ते वजा होऊन जातं आणि दोघांच्या चुका तेवढ्या मागे राहतात. 2018 मध्ये हेज, पॉवेल आणि समनर यांनी स्ट्रूप, फ्लँकर अशा लक्ष मोजणाऱ्या गाजलेल्या टास्कवर हेच दाखवलं, की जो परिणाम प्रत्येक माणसात हमखास दिसतो त्याच परिणामाच्या आकड्यावरून माणसामाणसांत फरक करायला गेलं तर तो आकडा डळमळतो. गटाचा प्रयोग करायला उत्तम असलेली टास्क व्यक्तीचं मोजमाप करायला तशीच उत्तम असेल असं धरून चालू नका.

रेकग्निशनमध्ये, म्हणजे शब्द यादीत होता का ते ओळखायला लावताना, नुसते बरोबर 'हो' मोजू नका. एक आजी आम्हाला 15 पैकी 15 शब्द ओळखून दाखवत होत्या आणि नंतर लक्षात आलं की त्या नसलेल्या शब्दांनाही भिडेखातर हो म्हणत होत्या. हिट्सबरोबर (बरोबर 'हो') फॉल्स अलार्म्स (चुकीचे 'हो') घ्या आणि डी-प्राइम, म्हणजे दोन्ही मिळून ओळखण्याची अचूकता सांगणारा आकडा, काढा, आणि कुणाचे हिट्स पूर्ण किंवा फॉल्स अलार्म्स शून्य असतील तर स्नॉडग्रास आणि कॉर्विन यांची 1988 ची दुरुस्ती वापरा, संख्येत 0.5 आणि एकूणात 1 मिळवायचा.

हे सगळं मी इतकं ताणून का सांगतेय, तर पुढे कुणीतरी तुमची यादी उचलून पेशंटवर वापरणार म्हणून. मागच्या वर्षी एका गृहस्थांचा पाच ट्रायल्सचा एकूण स्कोअर 42 होता, या वर्षी 36. मुलगी विचारत होती, डिमेन्शिया सुरू झाला का. एसडी, म्हणजे लोकांच्या स्कोअरचा पसारा, 10 आणि रिलायबिलिटी 0.75 धरली तर एका स्कोअरची चूकच 5 ची, आणि दोन वेळच्या फरकाला खरा म्हणायचं तर साधारण 14 शब्दांचा फरक लागतो. सहाच्या फरकावर मी तिला काहीही ठाम सांगू शकत नव्हते, ते तसंच तिला सांगितलं आणि सहा महिन्यांनी दुसरी यादी घेऊन बोलावलं. तिथे जर कुणी अल्फा 0.91 धरून गणित केलं असतं तर तो फरक 8-9 वर आला असता, आणि 10 शब्दांनी कमी आलेल्या पण खरं तर काहीच न बदललेल्या माणसाची घसरण झाली असं एखाद्या घराला सांगितलं गेलं असतं.

शिक्षणाचा मुद्दा तुमच्या सॅम्पलमध्ये येत नाही, पण लिमिटेशन्समध्ये नीट लिहा. हरियाणात बल्लभगडला 1995 मध्ये गांगुली आणि सहकाऱ्यांनी एमएमएसई ही डिमेन्शियाची प्राथमिक चाचणी हिंदीत आणली तेव्हा समोर बहुतेक निरक्षर लोक होते, मग लिहिण्या-वाचण्याचे भाग तोंडी किंवा बघून करायचे केले, वाक्य लिहा ऐवजी वाक्य सांगा. पदवीच्या मुलांवर बसवलेली यादी शेतावर जन्म गेलेल्या आजींवर घेतली तर ती शाळा मोजेल, स्मृती नाही.

तीन महिन्यांत मी तुमच्या जागी असते तर पहिल्या पंधरवड्यात दोन्ही याद्यांचं रेटिंग आणि स्कोअरिंगचे नियम लिहून काढले असते, बोलीतला पर्यायी शब्द बरोबर धरायचा का, अनेकवचन चालेल का, शाळाऐवजी स्कूल म्हटलं तर काय. आधीच्या रेकॉर्डिंगपैकी 20 दोन जणांनी स्वतंत्र तपासली असती, एकमेकांचं न बघता. मग आधीच्याच 60 मधली जी 40-45 मुलं परत येतील त्यांच्यावर जोडयादी, गोष्ट आणि शब्दजोड्या. त्यांनी अ ऐकलेली आहे, म्हणून आता ब म्हणजे अजिबात न ऐकलेली यादी हवी, आणि आधी ब मग अ हा क्रम घ्यायचा असेल तर नवीन 30 मुलं आणा, जुन्यांवर नको. मधल्या अर्ध्या तासात शब्दांचं कुठलंही काम देऊ नका, कोर्सीचे ठोकळे द्या (ज्या क्रमानं ठोकळ्यांना हात लावला तो क्रम परत करून दाखवायचा), तेच डिस्क्रिमिनंटला पण कामी येतील. आणि ऑडिओ पहिल्याच आठवड्यात करून घ्या, दुपारी दोनतीनच्या सुमारास कॉलेज शांत असतं तेव्हा, पंखा बंद करून.